नाल्यापलीकडची खोली

बाई, घाटावर शाळा आणि वसतिगृहं चालवणाऱ्या आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे, आणि तुमच्या काळापासून माझ्या काळापर्यंत ती तसूभर बदललेली नाही. आपल्यासाठी निघालेली वस्तू घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबते. पुस्तकं थांबतात, डॉक्टर थांबतो, विजेचा खांब थांबतो, आणि कागदावर मात्र सगळं वर पोचलेलं असतं. तुम्ही धडगावला आम्हाला मराठी शिकवत होता तेव्हा शाळेच्या नावाचा पृथ्वीगोल शहाद्याच्या कचेरीत कपाटावर धूळ खात होता. एका सोमवारी तुम्ही प्रकाशा गावाहून परत येताना तो उचललात आणि मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलात. मी मागच्या बाजूला कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसलोय, जीप घाटात हेलकावे खातेय आणि ड्रायव्हर म्हणतोय, "बाई, ते टपवर टाका ना, जागा व्हई." तुम्ही अजिबात न हसता म्हणता, "ही पृथ्वी शे भो. टपवरथून पडनी तं आपन सगळा कथा जासूत?" आपण सगळे कुठे जाणार, या प्रश्नावर सगळी जीप हसली. मला तेव्हा तुमची अहिराणी निम्मीच कळायची, तरी मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमची आठवण असलेली माणसंही कमी होत चालली आहेत. माझे केस पिकले. भाषणं करतो. माझ्या भाषणाला लोक पाड्यापाड्यांवरून चालत येतात, आणि कचेरीतले साहेब मी उभा राहिलो की पाणी मागवतात. यातलं बरंचसं तुमचं देणं आहे. पण आज भाषणाचं सांगायचं नाही. काही मित्रांच्या साथीने मी धडगावला मुलींचं वसतिगृह चालवतो, तिथे नुकतंच जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही.

आमच्या बारावीच्या मुलींना नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा द्यायची आहे. ती परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते. उत्तर माहीत असून चालत नाही, ते वेळेत पडद्यावर लावता यावं लागतं. आमच्या मुलींपैकी बहुतेकींनी माउस हातात धरलेला नव्हता. एकीने पहिल्यांदा धरला आणि म्हणाली, "दादा, हा सरकतो, पण गेला कुठे ते दिसत नाही." नंदुरबारच्या एका संस्थेने आम्हाला यंत्रांचा एक संच दिला, पण अट घातली. त्यांची समिती येऊन पाहणार. यंत्रं मुलींच्या वापरात दिसली तर ती आमची. नाहीतर गाडीत भरून खाली सपाटीवरच्या एका कॉलेजला जाणार. अट वाजवी होती, मी ती मान्य केली. आणि मनात म्हटलं, या वेळी घाटावर आलेली वस्तू परत खाली जाऊ देणार नाही.

ही यंत्रं कशी आहेत ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही विचारलंच असतं. त्यांच्या पोटात हार्ड डिस्क नसते, म्हणजे स्वतःची अशी कसलीही साठवण नसते. बटण दाबलं की यंत्र जागं होतं आणि त्याला आपण कोण, कुठे आहोत, काय करायचं आहे, काहीच ठाऊक नसतं. मग ते वायरीवरून हाक मारतं. मला जाग आलीय, एक पत्ता द्या, आणि उठून कामाला लागण्यासाठी जी फाइल लागते ती कुठे मिळेल तेही सांगा. दुसऱ्या खोलीत सर्व्हर नावाचं एक मोठं यंत्र असतं. ते हाक ऐकतं, पत्ता देतं, फाइलचं ठिकाण सांगतं. यंत्र तिथून फाइल ओढून घेतं आणि चालू होतं. सोय अशी की एका सर्व्हरची काळजी घेतली की सगळ्या यंत्रांची घेतल्यासारखं होतं. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे दुरुस्तीला माणूस यायचा तर घाट चढून यावा लागतो, तिथे हे फार शहाणपणाचं आहे.

सर्व्हर आम्ही जुन्या इमारतीत, कार्यालयात बसवला. तिथेच टेबलावर यंत्रं मांडून पाहिली. एकेक करून सगळी सुरू झाली. मुली टाळ्या वाजवत होत्या, पेढे आले, आणि अर्थातच मी भाषण केलं. मग यंत्रं गोधड्यांत गुंडाळून मुलींनी डोक्यावरून नाल्यापलीकडे नेली, कारण मुलींचं राहणं आणि अभ्यासाची खोली पलीकडच्या नव्या इमारतीत आहे. तिथे मांडली, वायरी जोडल्या, बटणं दाबली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, थांबली, आणि खाली एक ओळ उमटली. पत्ता मिळाला नाही. सगळ्या पडद्यांवर तेच.

संस्थेने नेमलेल्या तंत्रज्ञाला मी फोन लावला. शहाद्याचा माणूस, माझ्याच वयाचा, नंदुरबारला बसून काम करतो. सुरुवातीलाच मी त्याला बरंच काही ऐकवलं. तो मधे मधे 'दादा, दादा' करत होता. शेवटी म्हणाला, "दादा, तुम्ही बोली ऱ्हायनात तं मी कव्हय बोलू?" मग त्याने समजावलं. दोन इमारतींच्या मधे एक राउटर आहे. त्याने नेटवर्कचे दोन भाग केले आहेत, अलीकडचा वेगळा, पलीकडचा वेगळा. नव्या यंत्राची हाक फक्त आपल्या भागात घुमते. राउटर ती पुढे जाऊ देत नाही, आणि तसं करणं बरोबरच आहे, नाहीतर साऱ्यांच्या हाका साऱ्यांच्या कानावर आदळतील. जुन्या इमारतीत यंत्रं आणि सर्व्हर एकाच भागात होती म्हणून तिथे काही अडलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे इथेही तेच. डोंगरातल्या माणसाची हाक कचेरीच्या उंबऱ्यावर थांबते." तो म्हणाला, "दादा, हाऊ मोर्चा नही शे. हाऊ राउटर शे."

त्याने तिथूनच दोन कामं केली. राउटरला सांगितलं की असली हाक आली की ती गिळायची नाही, सर्व्हरकडे नेऊन पोचवायची, आणि सोबत सांगायचं की ही पलीकडच्या इमारतीतून आली आहे. याला ते रिले म्हणतात. आणि सर्व्हरला पलीकडच्या भागासाठी पत्त्यांचा वेगळा गठ्ठा नेमून दिला, कारण अलीकडचा पत्ता पलीकडे चालत नाही. मी नाला ओलांडून गेलो. बटणं दाबली. काही यंत्रं सुरू झाली. बाकीची अडली. अडलेली बंद करून पुन्हा लावली तर त्यातलं एखादं सुरू व्हायचं, आणि मघाशी सुरू झालेलं आता अडायचं. आता ओळ वेगळी होती. पत्ता मिळाला, फाइल मिळाली नाही.

बाई, नादुरुस्त वस्तू मला सहन होते, पण कधी चालणारी आणि कधी न चालणारी वस्तू मला वेडं करते. मी ठरवून टाकलं की माल टाकाऊ आहे. संस्थेने खालच्या कॉलेजला देण्यासाठी चांगली यंत्रं बाजूला काढली आणि आमच्या माथी ही मारली. समिती यायला फार अवधी उरला नव्हता. व्हरांड्यात उभा राहिलो, मुली जमल्या, अधीक्षिका ताई आल्या, स्वयंपाकघरातल्या बाया हात पुसत आल्या. मी बोलायला लागलो आणि मला माहीत आहे मी कसा बोलतो. उद्या सकाळी जीपा करून नंदुरबारला जायचं, त्या तंत्रज्ञाच्या दारात बसायचं आणि चांगली यंत्रं मिळेपर्यंत उठायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. तेवढ्यात ती माउसवाली मुलगी म्हणाली, "दादा, दारात बसल्यावर फाइल मिळेल का?" ताईंनी तिला दटावलं, "गप गं, मोठ्या माणसाला असं विचारतात का?" पण ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आणि मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. बाजाराच्या मागची ती भाड्याची खोली, चुलीच्या धुराने काळा झालेला कोपरा, रविवारची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेत ढाल जिंकून आलोय. माझ्यानंतर उभ्या राहिलेल्या मुलीने मला एक प्रश्न टाकला होता, आणि तिचं वाक्य पुरतं व्हायच्या आत मी असं उत्तर फेकलं की मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. परत येताना सगळे माझी पाठ थोपटत होते. खोलीवर आल्यावर तुम्ही मात्र भाकरी थापायला घेतलीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. तव्यावर भाकरी टाकून म्हणालात, "जबाब तं भारी दिन्हा तू. पन तिनी इचारं काय व्हतं?" मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. खरंच सांगता येईना. शाळेत तुम्ही आमच्याशी शुद्ध मराठी बोलायचात. रागावलात किंवा माया आली की अहिराणीवर यायचात, त्यामुळे या दोन्हींतलं आत्ता कोणतं, ते मला कधीच ओळखता यायचं नाही. भाकरी माझ्या ताटात टाकलीत आणि म्हणालात, "आते जेव."

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला तुमचा सेलवरचा रेडिओ दिलात. बातम्या रोज पूर्ण ऐकायच्या आणि मग तुम्हाला येऊन सांगायच्या, असं बजावलंत. मी तो घेऊन सुट्टीत घरी गेलो. आमच्या डोंगरात त्यावर गुजराती केंद्र इतकं जवळ आणि इतकं खणखणीत लागायचं की त्याच्याआड मराठी बातम्या पार बुडून जायच्या. मी दरडीवर चढून, रेडिओ कानाला लावून, काटा केसभर हलवत मराठी शोधत बसायचो. बाप म्हणायचा, हे पोर रेडिओशी भांडतंय का काय? सुट्टीनंतर कित्येक दिवस मी तुम्हाला गुजराती केंद्रावरच्याच बातम्या मराठीत करून सांगत होतो. तुम्ही ओळखलं असणार, कारण तिकडच्या कापसाचा भाव मला जरा जास्तच माहीत असायचा.

तर व्हरांड्यात मी सगळ्यांना म्हणालो, जरा थांबा. जीपा सांगू नका. त्या मुलीला घेऊन अभ्यासाच्या खोलीत गेलो, एका अडलेल्या यंत्रापुढे जमिनीवर बसलो आणि तिला म्हणालो, "लाव, आणि वरपासून खालपर्यंत जे येईल ते मोठ्याने वाच." तंत्रज्ञाला फोन लावून तो तिच्याजवळ धरला. इंग्रजी अक्षरं तिने एकेक करून वाचली, आकडे वाचले. मग बाकीची यंत्रं एकेक करून पुन्हा लावून तसंच वाचलं. मी एक शब्द बोललो नाही. तंत्रज्ञ मधेच म्हणाला, "पोरी, तो पत्ता परत वाच." तिने वाचला. जी यंत्रं सुरू होत होती त्यांचे पत्ते एका आकड्याने सुरू होत होते. जी अडत होती त्यांचे पत्ते भलत्याच आकड्याने. तो म्हणाला, "दादा, आपला सर्व्हर हा पत्ता देतच नाही."

"मग कोण देतंय?"

"तुमन्याच इमारतीत कोनी तरी बसेल शे. आपला सर्व्हर नाल्यापलीकडे, जुन्या इमारतीत. हाक तठे जाई, जबाब फिरी येई, तवपर्यंत हाऊ जवळना जबाब दी टाकस. पत्ता देस, पन फाइल कथी शे ते त्याले माहीतच नही."

यंत्र बिचारं ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ऐकतं. कधी सर्व्हर आधी पोचायचा, कधी हा जवळचा. मला दरडीवरचा रेडिओ आठवला आणि पुढचं समजावून सांगायची गरज उरली नाही. आम्ही शोधायला निघालो. भिंतीतली एकेक वायर जिथे बाहेर येते तिथे गेलो. स्वयंपाकघरात, पिठाच्या कोठीच्या वर, खिडकीशी, एक छोटा पांढरा डबा निळे दिवे लुकलुकवत बसला होता. सिमकार्डवर चालणारा राउटर, जोडलेल्या कोणत्याही यंत्राला स्वतःच पत्ता देणारा. त्यातून एक वायर निघून भिंतीतल्या, नेटवर्कच्या वायरीसाठी ठेवलेल्या भोकात गेली होती.

"दादा, तो माझा आहे," अधीक्षिका ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला दोनदा विचारावं लागलं. त्या नवापूरकडच्या, घरी तिकडच्या आदिवासींची कोकणी बोलणाऱ्या. स्वतःच्या पगारातून घेतला होता. मुलींचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीलाच परततात. या इमारतीत मोबाइलवर आवाज पोचतो, पण चेहरा दिसण्याइतकं नेट फक्त या खिडकीत येतं. रविवारी दुपारी ताई एकेकीला फोनवर आईचं तोंड दाखवतात. मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलं, "ताई, पण ती वायर भिंतीत का घातली?"

"डब्याबरोबर वायर आली होती. भिंतीत तसंच भोक होतं. पहिल्या दिवशी यंत्रं अडल्यावर तुम्ही फोनवर बोलत होतात, तेव्हा खोलीतल्या वायरी बघून मीही लावली. मला वाटलं, लावायचीच असते."

कोणी हसलं नाही, कारण दारात मुली उभ्या होत्या आणि त्यांनी निम्मंच ऐकलं होतं. त्यांना वाटलं डबा जाणार. यंत्रं राहायची तर रविवार जाणार. ताई म्हणाल्या, "काढते मी. परीक्षा महत्त्वाची." आणि डब्याकडे हात नेला. माउसवाली मुलगी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती. तिचे आईबाप बारडोलीकडे उसाच्या फडात आहेत. फोनमधून तंत्रज्ञ ओरडला, "ओ ताई, डबा ऱ्हाऊ द्या! नुसती वायर काढा." ताईंनी वायर काढली. डब्याला फोनसाठी ती कधीच लागत नव्हती. तरी खात्री हवी म्हणून त्या मुलीने तिथल्या तिथे आईला फोन लावला. रविवार नसताना फोन आला म्हणून पलीकडून आई घाबरून त्यांच्या पावरी बोलीत विचारायला लागली, कोण आजारी आहे, कोणाला काय झालं. मुलगी सांगतेय, काही नाही, वायर काढली. आई विचारतेय, कसली वायर, तुला शॉक लागला का? तेव्हा मात्र सगळं स्वयंपाकघर हसलं, ताईसुद्धा, पदराने डोळे पुसत.

नंतर खोलीत जाऊन बटणं दाबली. सगळी यंत्रं उठली. बंद करून पुन्हा लावली, पुन्हा सगळी उठली. तंत्रज्ञाला मी म्हणालो, "भाऊ, तुम्हाला बरंच बोललो." तो म्हणाला, "बोला ना. तुमनं भाषन आयकाले लोके भाडं भरीसन येतस. माले फुकट भेटनं."

समिती आली. साहेब जुन्या इमारतीत, सर्व्हरशेजारच्या खुर्च्यांवर बसले. चहा झाला. त्यांच्यातले एक म्हणाले की एखादं यंत्र इथेच आणून लावून दाखवा, म्हणजे सही करून निघतो, घाट उतरायचा आहे. बाई, तिथे लावलं असतं तर ते सुरू झालंच असतं. पहिल्या दिवशीसुद्धा झालं होतं. माझ्या जिभेवर मोठं भाषण आलं होतं. मी एवढंच म्हणालो की यंत्रं पलीकडे आहेत, पलीकडेच बघा. कुरकुरत निघाले. नाल्यात एका साहेबांचा बूट चिखलात रुतला. खोलीत त्या मुलीने त्यांनाच शेवटच्या यंत्रापुढे बसवलं आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही दाबा." त्यांनी दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, मग बराच वेळ काहीच नाही. मी भिंतीला टेकून पडद्याकडे बघत होतो. मग पडदा उजळला. साहेबांनी माउस हलवून पाहिला आणि म्हणाले, "बरं. राहू द्या इथेच." आता संध्याकाळी जेवणाआधी मुली तिथे सराव करतात, आणि ती मुलगी नव्या मुलींना माउस कुठे गेला ते शोधायला शिकवते.

याचा अर्थ माझा राग खोटा होता असं मी मानत नाही. तो चुकीच्या दारात जाऊन बसणार होता, एवढंच. डबा ताईंच्या मायेने बसवला होता, पण तो इतके दिवस कोणाला दिसला नाही, याचं कारण माया नाही. कारण हे की तपासणी सर्व्हरशेजारी झाली. आपल्या जिल्ह्यात सगळ्याच गोष्टींची तपासणी सर्व्हरशेजारी होते. दवाखान्याची तालुक्याला होते, रस्त्याची डांबर असेल तिथवर होते. तिथे सगळं चालतं. आणि पलीकडे काय होतं ते पलीकडच्यांनाच ठाऊक असतं. धरणाच्या पाण्यापलीकडे राहिलेल्या मणिबेलीला होडीने जाऊन फळ्यावर खडू उमटतो का ते पाहिलेला साहेब मला अजून भेटायचा आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते तुमच्यापुरतं आणि माझ्यापुरतं आहे. तरी एक कबूल करतो. तुम्हाला एकटीला लिहायला बसलो होतो, आणि निम्म्याहून जास्त लिहिलं ते समोर मंडप भरलाय असं समजून. सवय जात नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बोलतोच आहेस तर कामाचं बोल. म्हणून बोलतो. घाटावरच्या शिक्षकांनो, वसतिगृहांच्या तायांनो, उद्या सकाळी कार्यालयात बसण्याआधी आपल्या इमारतीतल्या सगळ्यांत लांबच्या खोलीपर्यंत चालत जा, आणि तिथलं यंत्र स्वतःच्या हाताने सुरू करून बघा.